मुका स्टँड

यशवंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुप्याच्या बाजारात मांडवासाठी कळकांचा भाव करत होतो. फोन इंदापूरच्या रफिकचा. रफिक वेल्डिंग करतो, माझ्या मंडपाच्या सगळ्या लोखंडी सांगाड्यांवर त्याचाच हात फिरलेला आहे. "दत्तूभाऊ, यशवंतराव गेले," तो म्हणाला. "सकाळी दूध केंद्रावर. खुर्चीत बसल्या बसल्या." मी "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि समोरच्या व्यापाऱ्याशी घासाघीस पुरी केली. कळक हव्या त्या भावात मिळाले. टेम्पोत भरून घेतले, दोर आवळून घेतला, आणि मग गाडीत बसल्यावर लक्षात आलं की अकरा वर्षं ह्या माणसाला ऐकवायचं म्हणून जे जे मनात रचून ठेवलं होतं, ते आता ऐकवायचं कुणाला... मला रडू आलं नाही. राग आला. भांडणसुद्धा माझ्याशी पुरं न करता निघून गेला.

ह्या पुरवणीत गेलेल्या माणसांवरचे लेख मी वाचतो. त्यात जो तो देवमाणूस असतो. मला तसं लिहिता येणार नाही. मी सांगवीचा. सायकलच्या कॅरिअरला दोन कर्णे बांधून लग्नाकार्यात रेकॉर्ड वाजवत फिरलो, त्यातून बारामतीत मंडप आणि साउंडचा धंदा उभा केला. कुणी हात दिला नाही, मी कुणापुढं पसरला नाही. कुठलीही वस्तू पहिल्या भावात घेतली तर त्या दिवशी मला जेवण जात नाही. माझं तोंड वाईट आहे हे मला माहीत आहे, पण जे आहे ते तोंडावर आहे. यशवंताचं तसं नव्हतं. तो अंथुर्ण्याचा, दूध केंद्रावर फॅट तपासायचा. शेतकऱ्यानं कितीही आरडाओरडा केला तरी हा मान खाली घालून काचेच्या नळीवरची रेघ बघत बसायचा आणि रेघ सांगेल तेवढंच बोलायचा. माझी त्याची ओळख एका लग्नात झाली. माझा साउंड होता, बँडमध्ये तो ड्रम वाजवत होता. जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुमचा डावीकडचा स्पीकर रडतोय." मी चिडलो. घरी जाऊन स्पीकर उघडला तर आतला कागद टाचणीएवढा फाटलेला. त्याच आठवड्यात मी त्याला शोधत अंथुर्ण्याला गेलो.

पुढं आम्ही दोघांनी गाण्याची पार्टी काढली. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, वास्तुशांत्या, बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके पिंजून काढले. सामान माझं, ताल त्याचा. आमच्या आसपासच्या सगळ्या पार्ट्या तोवर ऑक्टोपॅडवर गेल्या होत्या. एवढीशी पाटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन, काडी मारली की आतून तयार आवाज. मीही म्हणायचो, तोच घेऊ, टेम्पोत जागा वाचेल. यशवंता म्हणायचा, "दत्तू, त्याला हळू मारलं तर त्यो हळूच रडतो, जोरात मारलं तर जोरात रडतो, पण रडतो एकाच माणसावानी. मला चामडं पायजे." म्हणून मी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट उचलला. चांगला सौदा होता. तडतड वाजणारा चपटा स्नेअर होता, टॉम म्हणतात ते दोन मधले ड्रम होते, झांजा होत्या. फक्त पायानं वाजवायचा मोठा बेस ड्रम चिरलेला निघाला आणि तो मी तिथंच सोडून आलो. यशवंता म्हणाला, "बेसचं मी बघतो."

त्यानं घरातून त्याच्या वडलांचा ढोल आणला. त्याचे वडील, आबा, ब्रास बँडमध्ये मोठा ढोल गळ्यात अडकवून वाजवायचे. गावात जयंतीची पहिली मिरवणूक निघाली ती ह्या ढोलामागं निघाली, असं त्याची आई सांगायची. कुणाच्या दारावरून जायचं आणि कुणाच्या नाही ह्यावरून त्या दिवशी गावात बरीच गरमागरमी झाली होती, आणि आबा वाजवायचे थांबले नव्हते. आबा गेल्यावरही दर जयंतीला सकाळी, निळा झेंडा लावायच्या आधी, यशवंता अंगणात बसून तो ढोल वाजवायचा आणि म्हातारी उंबऱ्यावर बसून ऐकायची. असा तो ढोल. आडवा ठेवून, कड्याला चिमट्यानं दोन पाय लावून, पुढ्यात पेडल बसवलं की झाला बेस ड्रम. म्हातारीनं परवानगी दिली, पण मला समोर उभं करून. "दत्तू, घिऊन जा. पन माझ्या मालकाच्या ढोलाला खिळा लागता कामा न्हाय."

"न्हाई लागायचा, काकू," मी म्हणालो.

आता अडचण काय झाली ते सांगतो. ड्रमसेटमध्ये बेस ड्रमच्या डोक्यावर एक छोटा टॉम टांगलेला असतो. वाजवणाऱ्याच्या छातीसमोर येतो तो. बहुतेक सेटमध्ये बेस ड्रमच्या लाकडाला वरून भोक पाडतात, त्यात लोखंडी दांडा उभा करतात आणि त्या दांड्यावर टॉम बसवतात. दहा मिनिटांचं काम. पण ढोलाला भोक पाडायचं नाही म्हटल्यावर टॉमला स्वतःचा स्टँड हवा, जमिनीवर उभा राहणारा. जयंती तोंडावर होती, इंदापूरच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरलेला होता. म्हणून आम्ही दोघं टॉम पिशवीत घालून पुण्याला गेलो.

वाद्यांचं दुकान मोठं होतं. दुकानदारानं तीन प्रकार काढले. एक म्हणजे झांजेच्या स्टँडलाच चिमटा लावून टॉम बाजूनं लोंबकळत ठेवायचा. दुसरा स्नेअरचा स्टँड, तीन बोटांची टोपली असते तसा. तिसरा खास टॉमचा, दुहेरी पायांचा, जड. मी पहिल्याकडं बघत होतो, कारण तो स्वस्त होता. यशवंता पाय पसरून फरशीवरच बसला. प्रत्येक स्टँडला वरून दाब दिला, हलवून बघितला, मग नखानं टिचकी मारून कान लावला. चिमट्याच्या स्टँडला टिचकी मारली तर वरची झांज हलकेच सूं करून उठली. "ह्यात दोघं भांडतील," तो म्हणाला. टोपलीत टॉम ठेवून काडी मारली तर आवाज दबला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. मग जड स्टँडला टिचकी मारली. काही नाही. परत मारली. तो माझ्याकडं बघून हसला. "ह्यो घ्यायचा दत्तू. ह्यो मुका हाय. स्टँड मुका पायजे, बोलायचं ते टॉमनं."

त्याचं हे असं तोंडावर बोलणं मला आवडलं नाही. दुकानदारासमोर वस्तू आवडल्याचं दाखवलं की भाव करायला काय उरतं? मी सुरुवात केली. तासभर झाला. दुकानदारानं पाणी मागवलं, मग चहा मागवला, उतरत उतरत बऱ्यापैकी खाली आला. सौदा पटला होता. यशवंतानं स्टँड मिटून दोरी बांधायला घेतली होती. आणि मी म्हणालो, "एक काड्यांची जोडी आणि कव्हर वरनं टाका." दुकानदार म्हणाला, "अहो, आता पुरे की." मी म्हणालो, "एवढ्यासाठी काय गिऱ्हाईक घालवताय?" तो माणूस उठला, यशवंताच्या हातातून स्टँड घेतला आणि आत नेऊन ठेवला. "हा विकायचा नाही. कुठल्याच भावात नाही. या तुम्ही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "असले छप्पन स्टँड इंदापुरात बनवून घेईन," म्हणत मी पायरी उतरलो. मागं वळून बघितलं तर यशवंता अजून काउंटरपाशी उभा होता, हातात नुसती दोरी. "दत्तू, मी माफी मागतो त्यांची, घेऊ दे की रं," तो म्हणाला. मी ओरडलो, "येतोस का राहतोस?" तो आला. परतीच्या गाडीत टॉम मांडीवर घेऊन बसला. मी सबंध वाटेत दुकानदाराचा उद्धार करत होतो आणि तो खिडकीबाहेर बघत होता. कुरकुंभच्या पुढं एवढंच म्हणाला, "मुका हुता रं..."

बोललो होतो म्हणून मी रफिककडून स्टँड करून घेतला. बोअरची जाड पाइप, ट्रॉलीचे नट, खाली तीन पाय, वर पकड. वजनाला पुण्याच्या स्टँडच्या दुप्पट. वरून बैल बांधा, हलणार नाही. यशवंतानं त्यावर टॉम बसवला, काडी मारली. टॉम वाजला आणि त्याच्या मागोमाग पाइपच्या जोडांतून झर्र... डब्यात खडे हलवल्यासारखं. त्यानं नट आवळले. तरी झर्र. "ह्यो बोलतोय, दत्तू." मी म्हणालो, "लोकांना काय ऐकू येतंय त्यातलं?" तो म्हणाला, "मला येतंय." मग कुठूनसा स्नेअरचा स्टँड आणला, टोपलीवाला. त्याचे पाय पेडलला आडवे यायला लागले. पेडल सरकवलं तर ढोल मध्यावर लागेना. असं चार दिवस चाललं. नवरी पसंत करावी तसा हा माणूस एका लोखंडाच्या दांडक्यापुढं बसून होता, आणि मला मंडपाची दहा कामं. पाचव्या दिवशी मी रफिकचा स्टँड त्याच्याच शेडपुढं नेऊन आदळला. "घाल भंगारात," म्हणालो.

कार्यक्रमाचा दिवस. दुपारची वेळ. मैदानावर स्टेज उभं राहिलं होतं, पडदे लागत होते. यशवंता जेवायला गेला होता. ड्रमसेट स्टेजवर मांडलेला, टोपलीत टॉम कलंडलेला. मी त्याच्याकडं बघत उभा होतो आणि शेजारी स्टेजच्या फळ्यांसाठी आणलेलं ड्रिल पडलेलं होतं. दाराला कुलपाचं भोक पाडतात ती गोल करवत पेटीत होती. मी कुणाला विचारलं नाही. खरं सांगायचं तर फार विचारही केला नाही. बेसच्या डोक्यावर मध्य काढला, करवत टेकवली आणि बटण दाबलं. जुनं लाकूड, पण आतून अजून पांढरं होतं. भुसा पडला, वास आला. गोल चकती आत पडली, ती ढोलात खडखडली. मग पट्टी बसवली, चार स्क्रू आवळले, दांडा घातला, टॉम चढवला. हलवून बघितला. दगडासारखा.

यशवंता दोन हातात दोन चहाचे कप घेऊन स्टेजवर चढला. एक माझ्यासाठी होता. त्यानं बघितलं. कप फळीवर ठेवले. ढोलापाशी येऊन वाकला, पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं.

"किती इंची पाडलंस?" त्यानं विचारलं.

"सव्वा," मी म्हणालो.

"बरं."

ह्यापलीकडं तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी कार्यक्रम झाला. त्यानं कसं वाजवलं ते मला आठवत नाही, कारण मी सगळा वेळ फक्त टॉमकडं बघत होतो. टॉम हलला नाही. झर्र नाही, सूं नाही. मी बरोबर होतो. कार्यक्रम संपल्यावर त्यानं पान्यानं दांडा काढला, पट्टी काढली, चारही स्क्रू एका कागदात बांधून माझ्या टेम्पोच्या सीटवर ठेवले, ढोल खांद्यावर घेतला, टॉमची पिशवी हातात घेतली आणि गावच्या एका पिकअपमध्ये बसून गेला.

त्यानंतर तो पार्टीत आला नाही. मी फोन केला तर, "केंद्रावर काम असतंय." दुसऱ्यांदा केला तर तेच. तिसऱ्यांदा मी केला नाही. का करावा? चुकलं असेल माझं, पण मग ये, शिव्या दे, गचांडी धर. आमच्याकडं भांडण असं होतं. सकाळी टाळकी फोडतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. हा माणूस एक "बरं" म्हणतो आणि अकरा वर्षं भिंत घालतो, हा काय न्याय झाला? कुणाच्या लग्नात समोर आलो तर, "बरं हाय का?" "बरं हाय." संपलं. मग मीही चारचौघांत बोलायला लागलो. घमेंडखोर आहे, म्हणालो. एका भोकासाठी पार्टी मोडली, म्हणालो. पार्टी खरंच मोडली, मी ऑक्टोपॅडवाला आणला, वर्षभरात तोही गेला. मंडपाचं काम मात्र वाढलं. जयंतीची दोन्ही तालुक्यांतली कामं दर वर्षी माझ्याकडंच येत राहिली. मी त्यांच्यातला नव्हे, तरी माझ्याकडंच. मला वाटायचं, माझा भाव चोख असतो, माल चोख असतो. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

यशवंताच्या पुण्यानुमोदनाचा मंडपही माझाच होता. त्याचा धाकटा भाऊ सुनील, शाळामास्तर, त्यानंच सांगितलं होतं. अंथुर्ण्याला सकाळी गेलो. पुढं फोटो, फुलं, मेणबत्त्या. पांढऱ्या साडीत म्हातारी पहिल्या रांगेत खुर्चीवर. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी आता अंधुक दिसतं. त्रिशरण, पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलायला लागला. मी मागं माझ्याच ॲम्प्लिफायरपाशी उभा होतो. सुनील बोलायला उभा राहिला. दादानं त्याला कसं शिकवलं, डाळिंबाची बाग कशी लावली, सांगत सांगत तो थांबला आणि म्हणाला, "दादानं आयुष्यात एकच चूक केली. आबांच्या ढोलाला त्यानं भोक पाडलं. घाई झाली, म्हणायचा. आईनं ढोल परत घरात घेतला न्हाई. त्यानं पत्र्याच्या शेडात ठेवला. जयंतीला अंगणात वाजवणं बंद झालं. पण दादानं कधी स्वतःचं समर्थन केलं न्हाई. चूक ती चूक, म्हणायचा."

मी माझ्या हातानं लावलेल्या कर्ण्यांतून हे शब्द सबंध वस्तीवर जात होते. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही गडबड झाली. मग म्हातारीकडं बघितलं. ती मान हलवत होती, हो, असंच झालं म्हणून... तेवढ्यात कुणीतरी पुकारलं, "मंडपवाले दत्तूभाऊ, यशवंतदादांचे जुने मित्र, दोन शब्द बोलतील." मी गेलो. माईक हातात घेतला. एवढी वर्षं माईक विकत घेतले, भाड्यानं दिले, पण हातातला माईक एवढा जड मला कधी लागला नव्हता. मी म्हणालो, "माणूस चांगला होता." आणि खाली आलो. दोन शब्द मागितले होते, तीन दिले आणि तेही कुचकामी.

जेवणं झाल्यावर मी सुनीलला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. भोक मी पाडलं.  "तरीच," तो म्हणाला. मग हळूहळू त्यालाच एकेक आठवत गेलं. त्या कार्यक्रमानंतर जयंती कमिटीची पोरं घरी आली होती. ढोलाचं कुणी केलं, नाव सांगा, म्हणत होती. पहिल्या मिरवणुकीचा ढोल, आबांचा ढोल. पोरांना मंडपवाल्याचा संशय होता आणि सगळी तापलेली होती. यशवंता दारात उभा राहिला आणि म्हणाला, मीच पाडलं. आई आत बसून ऐकत होती. "तुमचं नाव बाहेर आलं असतं," सुनील म्हणाला, "तर भाऊ, दोन तालुक्यांत जयंतीचा एक खांब तुम्हाला कुणी रोवू दिला नसता. भांडण वाढलं असतं ते येगळंच. मला आत्ता कळतंय हे. आमाला त्यो कधीच बोलला न्हाय."

आता ह्यावर मी काय म्हणावं? लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला संताप आला होता आणि आजही येतो. मी फुकट काही घेत नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाचं काही न ठरवता घेतलेलं नाही, आणि ह्या माणसानं मला न विचारता, न सांगता, माझ्या अंगावर एवढं मोठं ओझं टाकलं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सांग माझं नाव, बघून घेईन एकेकाला. माफी मागितली असती का? माहीत नाही. बहुतेक नसती मागितली. पण ती न मागण्याचा हक्क तरी माझा होता. तो त्यानं काढून घेतला. मी गावभर त्याला घमेंडखोर म्हणत फिरत होतो आणि तो तिकडं माझी चूक अंगावर घेऊन दुधाच्या नळ्या तपासत बसला होता.

सुनीलनं मला पत्र्याच्या शेडात नेलं. खताची पोती, फवारणीचा पंप, आणि पलीकडच्या कोपऱ्यात गोधडी अंथरून त्यावर ढोल. भोक लाकडाचा गट्टू करून बुजवलेलं, घासून एवढं सारखं केलेलं की नजरेला पटकन दिसू नये. चार स्क्रूंच्या जागीही बारीक खुंट्या. ढोलापुढं टॉम होता आणि टॉमखाली रफिकचा स्टँड. तोच, बोअरच्या पाइपचा, जो मी भंगारात घाल म्हणून आदळला होता. प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळलेली, नटांखाली रबराचे वायसर. मी तिथूनच रफिकला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय, आठ दिवसांनी येऊन घेऊन गेले. ट्यूब बी माझ्याकडनंच नेली." मी म्हणालो, "मला का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "तुमी कवा इचारलं?"

ट्यूबची पट्टी! चार दिवस आम्ही त्या स्टँडपुढं भांडत होतो. माझ्या गोदामात पंक्चर झालेल्या ट्यूबा पोत्यानं पडल्या होत्या.

दोन आठवडे मी गेलो नाही. सुनीलनं सांगितलं होतं, "आईला आता नका सांगू भाऊ, कशाला." मलाही त्यात कुणाचा फायदा दिसत नव्हता. दादा गेला, आईनं मनात जे धरलं ते धरलं. सांगितलं तर तिला त्रास, मला शिव्या. न सांगितलं तर सगळं जागच्या जागी. हिशेबानं बघितलं तर गप्प बसणंच बरोबर होतं. पण गप्प बसणं मला जमत नाही, ते त्याचं काम होतं. गेल्या मंगळवारी सकाळी मी अंथुर्ण्याला गेलो. म्हातारी ओसरीवर बाजेवर बसलेली. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. काकू, तुम्ही खिळा लावू नको म्हणाला होता, मी भोक पाडलं. यशवंता तिथं नव्हता. त्यानं पाडलं नाही.

ती शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. मला त्या हव्या होत्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अकरा वरसं मी त्याला वाजीव म्हनले न्हाय. दर जयंतीला सकाळी त्यो अंगनात येऊन हुबा ऱ्हायचा. मी आत निघून जायची." पदर सोडला. "आता त्याचं मी काय करू, दत्तू?"

मी आयुष्यात कुठल्या प्रश्नाला गप्प बसलो नाही... तिथं बसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "ढोल आत आना." सुनील आणि मी तो आणून तिच्या बाजेपुढं ठेवला. ती पुढं वाकून दोन्ही तळहात लाकडावरून फिरवत होती. एकदा, दोनदा. "कुठं पाडलंस? मला घावंना." तिला दिसत नव्हतं आणि त्यानं काम इतकं साफ केलं होतं की हातालाही लागत नव्हतं. शेवटी मी तिचा हात धरला आणि बोट त्या गट्टूच्या कडेवर टेकवलं. तिनं गोल पूर्ण फिरवलं. परत उलटं फिरवलं. मी हात सोडला तरी ती फिरवतच राहिली.

निघताना मी म्हणालो, "काकू, तो लोखंडी स्टँड मी नेऊ का? त्याच्या बदल्यात चांगला आणून देतो. पुण्याचा, दुहेरी पायांचा."

"न्हाय," ती म्हणाली.

"दोन आणून देतो. टॉमला नवीन..."

"त्यो त्याचा हाय. हितंच ऱ्हाईल."

मी चपला घातल्या, शेडातून वळसा घेऊन गाडीकडं निघालो. टॉम तिथंच होता, त्याच्यापुढची ढोलाची जागा मोकळी, गोधडीवर गोल दाब पडलेला. मी खाली वाकलो आणि पाइपवर नखानं टिचकी मारली. कान लावला. काही नाही. परत मारली, जरा जोरात, नख दुखेपर्यंत.

मुका होता.